तळहातावरचं निळं

"बघ," म्हणत अण्णानं जीभ बाहेर काढली.

मी नुकत्याच चपला काढून सोफ्यावर टेकले होते. वहिनींनी दिलेला पाण्याचा तांब्या हातातच होता. माझा थोरला भाऊ, ज्याला गावात लोक वाकून नमस्कार करतात, तो माझ्यापुढे तोंड वासून उभा होता आणि त्याची जीभ मुळापासून शेंड्यापर्यंत निळी होती. दातांच्या फटीसुद्धा निळ्या. मी तांब्या खाली ठेवला. पाणी प्यायची इच्छाच मेली.

"शाई प्यालास काय?"

"शाई न्हवं गं. मेथिलीन ब्लू. तू पोरांना सायन्स शिकवलंस न्हवं? तुला तर म्हाईत पायजे."

मला चांगलंच माहीत होतं. मिरजेच्या शाळेत मी उभा जन्म विज्ञान शिकवण्यात घालवला. गालाच्या आतून काडीनं हलकेच खरवडायचं, ते काचपट्टीवर पसरायचं, वर या निळ्याचा एक थेंब टाकायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायचं. मग पेशी दिसतात आणि प्रत्येकीच्या मधोमध गडद निळं केंद्रक. पोरांच्या बोटांवरचा तो रंग आठवडाभर हटायचा नाही आणि आमचा शिपाई बेसिन घासताना माझ्या नावानं बोटं मोडायचा. तो थेंब पिऊन बघावा असं माझ्या वर्गातल्या सगळ्यात उनाड कार्ट्यालाही कधी सुचलं नव्हतं. ते सुचलं माझ्या भावाला, पेन्शनीच्या वयात.

इचलकरंजीला अण्णाचं रंगाचं दुकान होतं. सूत रंगवणाऱ्यांना, कागदवाल्यांना लागणारे नाना रंग डब्यांतून, पिंपांतून त्याच्याकडे भरलेले असायचे. दुकान आता मुलाच्या हाती गेलं होतं आणि रिकामा झालेला अण्णा मारुतीच्या देवळामागच्या सभागृहात सकाळचा योगवर्ग चालवत होता. रिकामा माणूस आणि हातात फोन, मग काय विचारता. अमेरिकेतला कुणी जीभ निळी करून बोलत होता, ते यानं पाहिलं आणि त्याला साक्षात्कार झाला की अमृत तर आपल्याच दुकानात पडून आहे.

"बाटलीतलं इकत घ्यायचं कशाला? पावडर तीच की," तो म्हणाला. "जनम गेला माझा रंगात. मला कोण शिकवणार?"

"म्हणजे कपड्याचा रंग पितोस तू."

"शुद्ध डबा हाय. सील फोडून घेतलाय."

"आणि किती घेतोस?"

"किती म्हंजे? चिमूट. अंदाज असतोय की आमचा."

वहिनी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, "मालूवन्सं, एकदा आमच्या संडासात जाऊन या. मग बोला."

मी गेले आणि लगेच बाहेर आले. काय पाहिलं ते मी सांगत नाही. भांड्याभोवती हिरवट-निळं कडं चढलं होतं आणि बाजूला ॲसिडची अर्धी बाटली होती. अण्णाला त्याचंही कौतुक.

"लघवी निळी हुती म्हंजे लागू पडतंय. आतली समदी घाण भाईर येती."

"अरे, तू ओतलेला रंगच बाहेर येतोय. शिपाई बेसिन धुतो तेव्हा बेसिनची घाण निघते असं म्हणशील का?"

तो ऐकायच्या मनःस्थितीत नव्हता. पेशीतल्या ऊर्जेच्या भट्ट्या, मायटोकाँड्रिया, आठवणशक्ती, गुडघे, झोप, सगळ्याचा पाढा त्यानं वाचला. जुन्या गिऱ्हाइकांची नावं आता चटकन आठवतात म्हणाला. पाटणे सरांचं, म्हणजे त्याच्या वर्गातल्या रिटायर हेडमास्तरांचं, शब्दकोडं आता अर्ध्या वेळात सुटतं म्हणाला. मला वाद घालताना खोटं बोलता येत नाही, ही माझी जुनी खोड. म्हणून मी कबूल केलं की हे औषध आहेच. रक्त बिघडून प्राणवायू वाहायचा थांबला, माणूस काळानिळा पडला, तर दवाखान्यात हेच शिरेतून देतात आणि माणूस उठून बसतो. मेंदूवर काही उपयोग होतो का, याचा अभ्यासही कुठेकुठे चालू आहे. पण अभ्यास चालू आहे म्हणजे सिद्ध झालं असं नव्हे.

"म्हंजे औषध हाय. मान्य केलंस," अण्णा म्हणाला. बाकीचं वाक्य त्याच्या कानापर्यंत पोचलंच नाही.

मी उठले. मला अक्काला भेटायचं होतं. खरं तर मी दर महिन्याला इचलकरंजीला यायची ती तिच्यासाठीच.

इंदूअक्का आम्हा तिघांत सगळ्यात मोठी. मूलबाळ नाही. नवरा गेल्यावर अण्णानं तिला स्वतःच्या घरी आणलं आणि मानानं ठेवलं, हे त्याचं श्रेय मी कधी नाकारलं नाही. पण इथे आल्यावर ती हळूहळू विझत गेली. बोलेना, खाईना, देवाला जाण्यापुरती उठे, एरवी दिवस दिवस भिंतीकडे तोंड करून निजून राही. घरात सगळे म्हणायचे, दुःख आहे, कमी होईल. मी तिला डोळे तपासायच्या निमित्तानं मिरजेला नेलं आणि मनोविकाराच्या डॉक्टर मगदूमबाईंपुढे बसवलं. त्यांनी उदासीच्या आजाराच्या गोळ्या दिल्या. दीड-दोन महिन्यांत अक्का पुन्हा माणसात आली. घरात सगळ्यांना वाटलं, मारुतीला घातलेल्या प्रदक्षिणा फळल्या.

गोळ्यांचं कुणालाच माहीत नव्हतं. अक्कानं मला आईची शपथ घातली होती. आमच्या घरात डोक्याचं औषध घेणारं माणूस म्हणजे वेडं. एका चुलत आत्याला तसं म्हटलं गेलं आणि मग तिच्या हातचं कुणी पाणी घेईना, तिच्या पोरींची लग्नं खोळंबली, हे आम्ही लहानपणी पाहिलेलं होतं. म्हणून मी गोळ्या वेष्टनातून काढून बडीशेपेच्या डबीत भरून आणायची आणि अक्का सगळ्यांना सांगायची, "मालू माज्या बीपीच्या गोळ्या आणती."

मागच्या पडवीत अक्का मेथी निवडत बसली होती. मी डबी तिच्या पदराखाली सरकवली. आणि मग मला दिसलं. तिच्या पांढऱ्या केसांत, भांगाच्या बरोबर वर, निळा पट्टा होता.

"हे काय गं?"

तिनं डोक्यावर हात नेला. "त्ये व्हय. तीर्थाचा हात पुसला की असा."

अण्णाची अक्कल बघा. वर्ग संपला की ओंकार व्हायचा, मग सगळे रांगेत मांडी घालून बसायचे आणि अण्णा तांब्याच्या गडव्यातून पळीनं ते निळं पाणी एकेकाच्या तळहातावर घालायचा. तळहातावर पळीनं पडलेलं आपल्याकडे कोण नाकारतं? ते काय आहे हे विचारायचं नसतं. प्यायचं आणि ओला हात डोक्यावरून फिरवायचा. सगळा वर्ग तसाच फिरवत होता. गावात म्हणे निळ्या केसांवरून अण्णाचा माणूस ओळखू यायचा.

"कधीपासून घेतेस?"

"परवापासनं. तो म्हणला, सगळी घेत्यात, तूच का ऱ्हातीस. आन मला जरा बेस वाटंना झालंय बघ. पोट बिघडलंय. हात कापतोय."

मेथीच्या काड्या तिच्या बोटांतून खाली गळत होत्या. कपाळावर घाम होता, आणि दिवस थंडीचे. माझ्या मनात पाल चुकचुकली. मी फोन घेऊन गच्चीवर गेले आणि मगदूमबाईंना लावला.

त्यांनी मला पुरतं बोलूही दिलं नाही. "आत्ताच्या आत्ता बंद करा ते. या गोळ्या आणि तो रंग एकत्र जात नाहीत. गोळीमुळे मेंदूत जे रसायन वाढतं, ते मोडायचं काम हा रंग बंद पाडतो. मग ते तुंबत जातं. ताप चढतो, पाय उडायला लागतात, माणूस बरळतो. जीव जाऊ शकतो, मॅडम."

"थोडासाच घेतला असेल तर?"

"थोडा म्हणजे किती, हे कुणी मोजलंय का?"

मला आठवला अण्णाचा चिमटीचा अंदाज.

"औषध वाईट नाही हो," त्या जरा शांतपणे म्हणाल्या. "रंगाच्या कारखान्यातला एक कामगार आणला होता आमच्याकडे, रक्त अगदी चॉकलेटी झालेलं. ह्याच निळ्यानं वाचला. पण तिथं आम्ही विचारतो, दुसरं काय घेताय, आणि माणूस खरं सांगतो. तुमच्याकडे कोण विचारतंय आणि कोण सांगतंय? आता हात कापण्यावरच असेल तर बंद करा आणि लक्ष ठेवा. ताप आला किंवा पाय उडाले तर क्षणभर थांबू नका."

खाली येऊन मी अक्काला सगळं सांगितलं. तिनं मेथी निवडायची थांबवली नाही.

"आपण अण्णाला सांगू," मी म्हणाले.

"काय सांगणार?"

"खरं ते."

"मग मी ह्या घरात ऱ्हायची कशी? सूनबाईला दिवस गेल्यात. बाळ होईल. माज्या मांडीवर देईल का ती?" तिचा आवाज अगदी साधा होता, बाजाराची यादी सांगावी तसा. "तू गप ऱ्हा. मी उद्या न्हाई घेणार. उपास हाय म्हणीन."

"नक्की?"

"देवाशप्पत."

मी आडून एक प्रयत्न केला. जेवताना अण्णाला म्हटलं, अक्काला ते देऊ नकोस, तिला बीपी आहे. "बीपीला तर लई चांगलं," अण्णा म्हणाला आणि आमटीत भाकरी कुस्करू लागला. निळ्या ओठांवर आमटीचा तवंग होता. मी ताट तसंच सरकवलं आणि पोट बरं नाही म्हणून उठले.

सकाळी मीही वर्गाला गेले. सभागृहात पांढऱ्या चादरी अंथरलेल्या होत्या आणि त्यांवर जागोजागी निळे डाग. चांगल्या घरची, शिकली-सवरलेली माणसं. निवृत्त बँकवाले, डॉक्टरांच्या सासवा, माग चालवून सुखवस्तू झालेले मालक. आल्या आल्या एकमेकांना जीभ काढून दाखवायचे आणि हसायचे, पोरं बर्फाचा गोळा खाऊन करतात तसं. पाटणे सर तर घाईघाईनं माझ्यापुढे आले आणि त्यांनीही काढली.  एका म्हाताऱ्याच्या दातांच्या कवळीची गुलाबी हिरडी निळी झाली होती, ती मला आजही विसरता येत नाही.

ओंकार झाला. अण्णा गडवा घेऊन पुढच्या रांगेपासून निघाला. मी अक्काच्या शेजारी बसले होते. तिच्या गुडघ्यावर ठेवलेला हात थरथरत होता. अण्णा तिच्यापुढे आला.

"आज ऱ्हाऊ दे," अक्का म्हणाली. "उपास हाय माजा."

"कसला उपास? आज काय हाय?"

"हाय आपला."

मागून पाटणे सर म्हणाले, "इंदूताई, तीर्थाला कसला आलाय उपास?" लोक हसले. अण्णाची पळी गडव्यात बुडून वर आली. अक्कानं एकदा माझ्याकडे पाहिलं. आणि तिचा उजवा हात, जणू तिला न विचारताच, पुढे झाला.

मी अण्णाचं मनगट धरलं.

"अण्णा, तिला देऊ नकोस. ती डोक्याच्या गोळ्या घेते. त्यावर हे चालत नाही. डॉक्टरांनी सांगितलंय, जीव जाईल."

पळीतलं निळं माझ्या साडीवर सांडलं.  मग पाठीमागच्या बायकांत एक कुजबुज उठली आणि ती कशाबद्दलची होती ते मला वळून बघायला लागलं नाही. वहिनींनी पदर तोंडाला लावला होता. अण्णाच्या चेहऱ्यावर राग नव्हता. त्याला लाज वाटली होती, इतक्या लोकांसमोर.

"अक्का?" तो म्हणाला. "खरं काय ही म्हणती ते?"

अक्का ताठ बसली होती. इतकी ताठ मी तिला तिच्या लग्नात सुद्धा पाहिली नव्हती.

"मालूचं काय ऐकतोस? ती शाळेत पोरांस्नी भ्या दावून दावून तसलीच झालीया. बीपीची गोळी घेते मी. मला काय धाड भरलीया डोक्याच्या गोळ्या घ्याला?" आणि तिनं अण्णाच्या हातातला गडवाच ओढून घेतला. तळहातावर नव्हे, थेट तोंडाला लावला. मी झडप घालेपर्यंत दोन मोठे घोट तिच्या घशाखाली गेले होते. ओठांच्या कडांतून निळे ओघळ हनुवटीवर आले, गळ्यातल्या माळेवर आले. तिनं ते पदरानं पुसले आणि सगळ्या वर्गाकडे पाहून म्हणाली, "झालं समाधान?"

लोकांचं झालं. कुणीतरी चक्क टाळी वाजवली.

मी चुकले असं मला आजही वाटत नाही. पण त्या टाळीचा आवाज आठवला की अजून तोंडात कडू पाणी येतं.

दुपारपर्यंत ती फणफणली. पाय चादरीखाली आपोआप उडत होते, जबडा घट्ट मिटलेला, डोळे सैरभैर. मला ती आई समजून काहीबाही सांगत होती. अण्णा उशाशी बसला होता आणि त्याच्या हातात परत तोच गडवा.

"ताकद कमी पडतीया. अजून एक पळी..."

मी तो गडवा त्याच्या हातून घेतला आणि अंगणात भिरकावला. फरशीवर अजून डाग असेल. भाच्यानं गाडी काढली आणि आम्ही तिला मिरजेला नेलं.

ती वाचली. अतिदक्षता विभागात सलाइन, झटके थांबवायची इंजेक्शनं आणि ओल्या कपड्यांवर काढलेले दिवस होते ते. डॉक्टर मगदूमबाई रोज येऊन तिचे गुडघे ठोकून बघायच्या. घोटे धरून पाऊल वर दाबायच्या, तेव्हा पाय उडायचा. तो उडायचा थांबला त्या दिवशी त्या पहिल्यांदा खुर्चीवर बसल्या.

अण्णा रोज यायचा. आला की बाकावर बसून रडायचा. लहान असताना अक्कानं त्याला कडेवर वागवलं होतं, तिच्या वाटणीचं दूध त्याला दिलं होतं, ते सगळं माझ्याजवळ बोलायचा. त्याचं प्रेम खरं होतं. मला वाटलं, आता तरी याचे डोळे उघडतील.

अक्काला साध्या खोलीत आणलं त्या सकाळी मगदूमबाईंनी आम्हा सगळ्यांसमोर नीट समजावून सांगितलं. गोळ्या आणि रंग, दोन्ही एकत्र कधीच नाही. अण्णानं मान डोलवत सगळं ऐकलं. मग हात जोडून विचारलं, "मग डॉक्टर, गोळ्या बंद केल्यावर किती दिसांनी निळं सुरू करायचं?"

मगदूमबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि फाइल मिटून बाहेर गेल्या. मला वाटलं ओरडावं. ओरडायला सुद्धा किळस आली.

"अण्णा," अक्का म्हणाली. आवाज पार खोल गेलेला. "इकडं ये. बस. त्या गोळ्या न्हवत्या तवा मी रोज पंचगंगेवर जायची. देवाला जाते म्हणून सांगायची तुमास्नी. पुलाच्या कठड्याला टेकून हुबी ऱ्हायची. एक दिस चपला काढून ठेवल्या हुत्या. एका बाईनं हाक मारली म्हणून माघारी आले. दुसऱ्या आठवड्यात मालूनं मला डॉक्टरकडं नेलं."

मला सुद्धा हे माहीत नव्हतं. मी पलंगाची कड धरली. वहिनी भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. अण्णानं अक्काचा हात दोन्ही हातांत घेतला. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"मग तवाच मला सांगायचं की गं अक्का," तो म्हणाला. "तवाच निळं सुरू केलं असतं तर ही पाळीच आली नसती."

 अक्कानं हात सोडवून घेतला.

"मालू, मला तुज्या घरी न्ये."

"नेते."

"तुज्यावर राग हाय माजा. चारचौघांत सांगायला नगं हुतंस."

"बरं."

"आन आता डबीत भरू नगंस. पाकिटातनंच दे."

ती माझ्याकडे राहायला आली आणि राहिली ती शेवटपर्यंत, कित्येक वर्षं. गोळ्यांचं पाकीट जेवणाच्या टेबलावर, लोणच्याच्या बरणीशेजारी असायचं. सुनेच्या बाळाला तिच्या मांडीवर काही कुणी आणून दिलं नाही. बारशाचं बोलावणं आलं ते माझ्या एकटीच्या नावानं. मी गेले नाही.

महिन्यातून एकदा आम्ही दोघी मगदूमबाईंकडे जायचो. तिथे बाहेर बसणाऱ्या बायका एकमेकींकडे बघत नाहीत. पण एक गोरीशी, ठसठशीत कुंकू लावणारी बाई नेहमी कोपऱ्यात बसायची आणि अक्काशी तिचं थोडं बोलणं व्हायचं; निळ्यानं काय केलं तेही अक्कानं तिला सांगितलं होतं. एकदा तिनं अक्काला स्वतःच्या पिशवीतला पेरू कापून दिला. कुठून येता विचारलं तर "लांबनं" म्हणायची. तिच्या गोळ्याही अक्काच्या होत्या त्याच. तिच्या हातातली चिठ्ठी दिसली की मला वरूनच ओळखू यायचं.

त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात मी अक्काची ट्रंक आणायला इचलकरंजीला गेले. सकाळची वेळ होती, घरी वहिनी एकट्याच. अण्णा वर्गाला गेला आहे म्हणाल्या. ट्रंकेची किल्ली त्याच्या कनवटीला, म्हणून मी देवळामागे गेले.

सभागृह पूर्वीपेक्षा भरलेलं होतं. झाल्या प्रकारानं अण्णाचं काही बिघडलं नव्हतं. उलट लोक म्हणत होते, औषध जहाल आहे म्हणूनच गुण देतं. ओंकार संपला होता. अण्णानं मला दारात पाहिलं, हात उंचावून थांब म्हणाला आणि मग सगळ्यांकडे वळून मोठ्यानं बोलला. मला ऐकू जावं म्हणूनच बोलत होता.

"नेहमीपरमानं विचारतो. आपण नियम केलाय. कुणाला डोक्याच्या गोळ्या चालू असतील त्येनी हात मागं घ्यावा. लाजायचं काय कारण न्हाई."

सगळ्यांनी शेजाऱ्याकडे पाहिलं. कुणीतरी हसलं. रांगांमागून रांगा उजवे तळहात तसेच पुढे पसरलेले. अण्णानं माझ्याकडे बघून मान हलवली, बघ, मी शिकलो, अशी.

आणि तिसऱ्या रांगेत मला ते ठसठशीत कुंकू दिसलं.

मी चपलांसकट आत शिरले. लोक काहीतरी बोलले, मी ऐकलं नाही. तिच्यापाशी जाऊन गुडघ्यावर बसले आणि अगदी कानाशी म्हणाले, "हात मागे घ्या. नुसतं पोट बिघडलंय म्हणा आणि उठा. माझ्या बहिणीचं काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. पेरू दिला होतात तिला तुम्ही."

तिचा चेहरा पांढरा पडला. शेजारच्या बाईनं विचारलं, "काय गं, वळखीच्या हाईत काय तुज्या?"

अण्णा पळी घेऊन तिच्यापर्यंत आला होता.

"न्हाई बाई," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "ह्या कोण हाईत कुणास ठाऊक. मी मिरजेला कदी गेलेलीच न्हाई."

मिरजेचं नाव मी काढलंच नव्हतं. तिनं मला कोपरानं बाजूला सारलं आणि तळहात अण्णापुढे आणखी लांब केला.